घरच्या शेतावर नवा घोडा येतोय : पहिले काही आठवडे कसे असावेत?

माळावरची

नमस्कार मंडळी. या महिन्याअखेरीस आमच्या शेतावर नवा घोडा येतोय. नऊ वर्षांचा, खच्ची केलेला. स्वभावाने शांत आहे असं आधीचे मालक सांगतात, आणि आम्ही जाऊन पाहिलं तेव्हा आम्हालाही तसंच वाटलं. घरी एक म्हातारी घोडी आहे. तिचा जोडीदार गेल्या वर्षी गेला. तेव्हापासून ती गायींमध्ये चरते खरी, पण मधेच चरणं सोडून कुंपणापाशी जाऊन उभी राहते. ते बघवत नाही. खरं सांगायचं तर तिच्यासाठीच हा नवा आणतोय.

प्रश्न असा, की आल्या आल्या त्याला तिच्यासोबत सोडायचं की वेगळं ठेवायचं? वडील म्हणतात, "सोडून दे, दोघं आपापलं बघून घेतील." माझं मन धजावत नाही. पहिल्या दिवशी काय करावं, काय टाळावं, मुलांना कितपत जवळ जाऊ द्यावं, हे सगळं अनुभवी लोकांकडून ऐकायचंय. शेतावर गायी आहेत, कोंबड्या आहेत, दोन कुत्री आहेत. जागेची अडचण नाही.

दुडकी

अभिनंदन! फोटो हवेतच. रंग कोणता? आणि नाव काय?

खूर_आणि_नाडी

माळावरची ताई, मी पशुवैद्य आहे, म्हणून आधी नको वाटणारी गोष्ट सांगतो. सरळ सोडू नका. किमान तीन आठवडे वेगळा ठेवा.

सगळ्यात मोठी भीती स्ट्रँगल्सची. हा घशाच्या गाठींचा जिवाणूजन्य आजार आहे. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ३ ते १४ दिवस जातात, म्हणजे गाडीतून उतरताना घोडा अगदी ठणठणीत दिसू शकतो. शिवाय काही घोडे बरे झाल्यावरही जंतू बाळगून असतात. घोड्याला कानामागच्या बाजूला, घशाच्या वर हवेच्या दोन पिशव्या असतात. तिथे सुकलेला पू महिनोन्‌महिने राहतो आणि बाहेरून काहीही कळत नाही. दुर्बिणीने तपासून, त्या पिशव्या धुऊन आलेलं पाणी प्रयोगशाळेत पाठवलं तरच पत्ता लागतो. तुमची घोडी म्हातारी आहे, तिला हा आजार झेपणार नाही.

त्यात एक दिलासाही आहे. स्ट्रँगल्समध्ये ताप आधी येतो, आणि घोडा जंतू बाहेर टाकायला लागतो तो त्यानंतर दोनेक दिवसांनी. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावा आणि वहीत लिहा. मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. हे आकडे सर्वसाधारण झाले. तुमच्या घोड्याचे स्वतःचे आकडे पहिल्या आठवड्यातच कळून ठेवा. पुढे तो आजारी पडेल तेव्हा तीच वही कामाला येईल.

त्याची बादली, खरारा, मोहरकी, लीद उचलायचं फावडं सगळं वेगळं. आधी घोडीचं करायचं, मग त्याचं. उलट क्रम कधीच नको.

रानवारा

डॉक्टरांबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमती नोंदवतो.

घोडा हा कळपाचा प्राणी आहे. एकटेपण त्याच्यासाठी धोक्याचीच सूचना असते. ओळखीचा तबेला गेला, सोबती गेले, माणसं गेली, आणि वर तुम्ही त्याला तीन आठवडे चार भिंतींत ठेवणार? मी असे घोडे पाहिलेत. कुंपणाच्या कडेने जमीन उकरली जाईपर्यंत येरझारा घालतात, खिंकाळून घसा बसतो, खाणं सुटतं. प्रवास आणि कोंडणं यामुळे पाच दिवसांच्या आत घोड्याच्या जठरात व्रण होऊ शकतात, हे संशोधनातून दिसलेलं आहे. ज्या आजाराची शंका आहे तो टाळताना दुसरा आजार आपण हाताने देतो.

माझा सल्ला: निघायच्या आधी तिकडेच सगळ्या तपासण्या करून घ्या, आणि इथे आल्यावर एक-दोन दिवसांत कुंपणापलीकडून भेट घडवा.

खरारा

दोघांचंही पटतंय, आता काय करायचं? :)

गोठेकरी

माळावरची ताई, तुम्ही गायी आणि कोंबड्या म्हणालात म्हणून तातडीने लिहितो. गायींना तयार पशुखाद्य देता का? कोंबड्यांना तयार खाद्य? गोणीवर 'मोनेन्सिन' लिहिलंय का ते आजच बघा. गायींच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत हे औषध मुद्दाम घातलेलं असतं. गायीला जे प्रमाण सहज पचतं, ते घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंचा नाश करतं. उपाय नाही. घोडा वाचला तरी हृदय कायमचं कमजोर होऊ शकतं.

घोड्यांची चंदी (दाणा) आणि गायींचं खाद्य एका खोलीत ठेवू नका. घमेलंसुद्धा एक नको. नवा घोडा जागा हुंगत फिरतो, दाराची कडी ओठांनी उघडणारे घोडे मी पाहिलेत.

आणखी एक. गोचिडांसाठी गायींवर अमित्राज मारत असाल तर ते घोड्यावर मारू नका. त्याने आतड्यांची हालचाल मंदावते आणि घोडा पोटशुळाने तळमळतो.

माळावरची

गोठेकरी दादा, आत्ता जाऊन पाहिलं. कोंबड्यांच्या गोणीवर ते नाव आहे! गायींच्या गोणीवर नाही. घोडी आजवर गायींच्या खोलीकडे फिरकत नाही म्हणून कधी लक्षच गेलं नाही. उद्याच दोन्ही खाद्यं कुलपात जातील. तुमचे उपकार कसे फेडू?

दुडकी, रंग तेल्या कुमैत, कपाळावर छोटा पांढरा टिळा. नाव आधीच्या घरी 'बादल' होतं. मुलगी म्हणते बदलायचं.

दुडकी

बदलू नका. बिचाऱ्याचं सगळंच बदलतंय, नाव तेवढं राहू दे.

चांदणवेल

अवांतर: नाव बदललं तरी घोड्याचं काही अडत नाही, नव्या हाकेला खाऊ मिळतो हे त्याला लवकर कळतं. पण पहिल्या दिवसांत जुनं नाव, जुन्याच माणसांच्या सुरात हाक मारली तर ओळखीचं काहीतरी कानावर पडेल. तेवढ्यासाठी मी दुडकीच्या बाजूने.

खूर_आणि_नाडी

रानवारा, तुमच्या काळजीशी माझं भांडण नाही. मी 'वेगळा' म्हणालो, 'एकटा' म्हणालो नाही, आणि चार भिंतींचं तर नावही काढलं नाही. त्याला मोकळं पटांगण द्या, तिथून घोडी दिसू द्या, मध्ये दोन कुंपणं आणि त्यांच्यात चांगलं अंतर ठेवा, नाकाला नाक लागणार नाही एवढं. स्ट्रँगल्स पसरतो तो मुख्यतः थेट स्पर्शातून, एका बादलीतून, माणसाच्या हातांतून. नजरेतून पसरत नाही. एकमेकांना बघतील, एकमेकांना साद घालतील. यात घोडीचंही भलं आहे.

निघण्याआधीच्या तपासण्यांबद्दल पूर्ण सहमत, जरूर करा. पण तपासणीचा कागद त्या दिवसापुरता असतो. नंतर गाडीत कोण त्याच्या शेजारी उभं होतं, वाटेत कुठल्या हौदावर तो पाणी प्यायला, हे कागदाला ठाऊक नसतं.

२००७ साली ऑस्ट्रेलियात काय झालं ते आठवा. त्या देशात घोड्यांचा इन्फ्लुएन्झा कधी नव्हताच. बाहेरून आणलेल्या घोड्यांबरोबर विषाणू आला, संगरोध (क्वारंटाइन) केंद्रातून निसटला आणि काही महिन्यांत ७० हजारांहून जास्त घोडे आजारी पडले. देशभर घोड्यांची ने-आण बंद करावी लागली. तिथे नियम होते, सरकारी केंद्र होतं, तरीही हे झालं. आपल्याकडे तर फक्त आपली शिस्त आहे.

रानवारा

दिसेल असा वेगळा, मोकळ्या जागेत: याला माझी हरकत नाही. मात्र बहुतेक लोक 'क्वारंटाइन' ऐकलं की घोड्याला मागच्या अंधाऱ्या खोलीत बांधतात, म्हणून मी एवढ्या तळमळीने लिहिलं. अंतर जास्त झालं आणि तो अस्वस्थ वाटला, तर त्याच्या बाजूला एखादी शेळी सोडून पहा. काही घोडे शेळीला चटकन जीव लावतात.

कडुनिंब

गाढव चालेल का सोबतीला? आमच्याकडे एक आहे, बहुतेक सगळ्यांशी जमवून घेतं.

खूर_आणि_नाडी

गाढव उत्तम सोबती, पण दोन गोष्टी सांभाळा. गाढवाच्या फुप्फुसात एक जंत असतो. गाढवाला तो फारसा त्रास देत नाही, घोड्याला मात्र खोकला लावतो. आधी गाढवाची लीद तपासून घ्या. दुसरं, गाढव ज्याला जीव लावतं त्याच्यापासून तोडू नका. विरहात त्याचं खाणं सुटतं, आणि उपाशी गाढवाच्या रक्तात चरबी वाढून ते दगावूही शकतं. तीन आठवड्यांपुरतं उसनं आणायचं आणि मग परत न्यायचं, हे गाढवाच्या बाबतीत करू नये.

वैरण

खाण्याबद्दल कोणीच काही लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहिते. माझ्या मते घोड्याचं पहिलं स्वागत पोटाचं असतं.

आधीच्या घरून त्याच्या रोजच्या गवताच्या काही पेंढ्या मागून घ्या. अगदी विकत घ्याव्या लागल्या तरी घ्या. गवताचं पचन होतं ते मागच्या मोठ्या आतड्यात, तिथल्या सूक्ष्मजीवांच्या जिवावर. हे सूक्ष्मजीव एका चाऱ्याला सरावलेले असतात. चारा एकदम बदलला की त्यातले मरतात, वायू धरतो, पोटशूळ उठतो. म्हणून जुन्यात नवं मिसळत मिसळत सात ते चौदा दिवसांत बदल करायचा. चंदी तर त्याहून सावकाश. पहिले काही दिवस चंदी जवळजवळ बंदच ठेवली आणि भरपूर गवत दिलं तरी काही बिघडत नाही, कारण तो काम करणार नाहीये.

प्रमाण म्हणाल तर वजनाच्या १.५ ते २ टक्के कोरडा चारा रोज. ४०० किलोचा घोडा असेल तर ६ ते ८ किलो. पण तो दोन वेळा ढिगाने टाकू नका. घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल सतत पाझरत असतं, आणि ते शमवणारी लाळ फक्त चावताना सुटते. तोंड रिकामं राहिलं की जठर स्वतःलाच पोळतं. रानवारांनी व्रणांचं लिहिलं त्याचं मूळ इथे आहे. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही, जे गेलं ते पुढेच जायला हवं.

हिरव्यागार कुरणात पहिल्याच दिवशी सोडू नका, विशेषतः तो आधी कोरड्या चाऱ्यावर असेल तर. कोवळ्या गवतातली साखर पायांवर उतरते. खुराच्या आतले थर सुजून सुटायला लागतात, आणि एकदा ते झालं की घोडा आयुष्यभर सांभाळून चालतो. रोज थोडा थोडा वेळ वाढवा.

प्रेमापोटी लोक गव्हाचा कोंडा भिजवून देतात. कधीतरी ठीक. रोज दिला तर त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी, हाडं ठिसूळ होतात.

मोहरकी

वैरण ताई, +१. पाण्याचं मी जोडतो. मध्यम बांध्याचा घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात जास्त. नव्या जागेचं पाणी वासाला वेगळं लागतं आणि काही घोडे तोंड लावत नाहीत. म्हणून पहिले दिवस हौदापेक्षा बादली बरी, किती प्यायला ते कळतं. गवत किंचित ओलं करून दिलं तर तेवढं पाणी आपोआप पोटात जातं. मिठाचा खडा ठेवा.

आणि लीद बघा. रोज बघा. लीद कमी झाली, गोळे लहान आणि कडक झाले, तर पोट बोलायला लागलंय असं समजा.

खरारा

गाडीतून उतरवतानाचं कोणी सांगेल का? मला वाटतं तिथेच निम्मं काम बिघडतं किंवा साधतं.

टापांचा_नाद

खरारा, अगदी बरोबर. मी घोडे नेण्या-आणण्याचंच काम करतो.

उजेडात आणा. रात्री आणलेला घोडा कुंपण कुठे आहे हे आदळून शिकतो. उतरवल्यावर मोहरकी धरून, दोरी सैल ठेवून पटांगणाच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारा. पाणी कुठे, निवारा कुठे, कोपरा कुठे, हे त्याला दाखवा. मग सोडा आणि बाजूला व्हा. काटेरी तार असेल तर तो यायच्या आधी काढून टाका. बिचकलेला घोडा तारेत अडकला की थांबत नाही, ओढतो, आणि कातडीसकट स्नायू फाटतात. तार काढणं शक्यच नसेल तर तिच्या आत पांढरी रुंद पट्टी लावा.

प्रवासात डोकं उंच बांधलेलं राहतं, त्यामुळे श्वासनलिकेतली घाण खाली निचरत नाही आणि फुप्फुसात जाते. लांबच्या प्रवासानंतर ताप येतो तो बऱ्याचदा यामुळे. म्हणून वाटेत थांबून डोकं खाली करू द्यायचं, आणि उतरल्यावर पहिलं गवत जमिनीवर टाकायचं, उंच जाळीत नाही. मान खाली घालून खाऊ दे. डॉक्टरांनी सांगितलेला थर्मामीटर इथेही कामाचा.

मुख्य म्हणजे गर्दी नको. शेजारीपाजारी, पाहुणे, मोबाइलवर चित्रीकरण, कुत्र्यांचं भुंकणं. आनंद तुम्हाला झालाय, त्याला भीती वाटतेय. त्या दिवशी दोन शांत माणसं पुरेत.

अबोल

वाचते आहे. फार सुंदर धागा.

माळावरची

टापांचा नाद, काटेरी तार आहे एका बाजूला. वडिलांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पक्कड घेऊन गेले.

दुडकी

वडील जिंकले सगळ्यांची मनं :)

चांदणवेल

मुलांबद्दल. आमच्या शेतावर घोडे आहेत आणि घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा.

मुलांना आधी घोड्याची नजर समजावून सांगा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. दोनच जागा दिसत नाहीत: कपाळासमोर अगदी जवळची आणि शेपटीमागची. मूल नेमकं या दोन जागांतूनच जातं, समोरून कपाळाला हात लावायला किंवा मागून धावत. म्हणून नियम एकच: खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत, चालत यायचं. आणि पहिला हात मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात. १९९३ साली कामार्ग जातीच्या घोड्यांवर झालेल्या अभ्यासात त्या जागी खाजवल्यावर हृदयाची गती कमी होते असं दिसलं होतं. चेहरा थोपटण्यापेक्षा हे त्याला कितीतरी आवडतं.

कान वाचायला शिकवा. पुढे टवकारले म्हणजे लक्ष तिकडे. सैल बाजूला पडले म्हणजे निवांत. मागे मानेला चिकटवले म्हणजे बाजूला हो.

हातावर खाऊ मात्र पहिल्या दिवसांत कोणीच देऊ नये. खाऊ बादलीत. नव्या घोड्याला माणसाचा खिसा शोधायची सवय लागली तर ती मोडताना मुलांनाच चावे बसतात.

कडुनिंब

हाताने खाऊ दिल्याशिवाय जीव कसा जडणार? आमच्याकडे सगळे देतात, कोणाला चावलेला नाही.

चांदणवेल

कडुनिंब, तुमचे घोडे तुम्हाला ओळखतात, मर्यादा ठाऊक आहेत. नव्याला त्या अजून शिकायच्या आहेत. जीव जडायला रोज तोच माणूस, तीच वेळ, तोच आवाज पुरतो. सहा महिन्यांनी द्या की हातावर.

अबोल

कान आणि नजर वरून आठवलं. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता, टापा वाजवून गणितं सोडवायचा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की तो गणित करत नव्हता. टापांची संख्या बरोबर झाली की विचारणाऱ्याचं डोकं अगदी बारीकसं हलायचं, ताण सुटायचा, आणि हान्स थांबायचा. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही येत नसे.

लोकांनी त्यावरून घोड्याला बुद्धी नाही असा अर्थ काढला. मला त्यात उलट घोड्याचं थोरपण दिसतं. खोलीभर विद्वानांच्या लक्षात न आलेली हालचाल त्याने टिपली! २०१६ साली ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी घोड्यांना अनोळखी माणसाचे रागावलेले आणि हसरे फोटो दाखवले. रागावलेला चेहरा पाहताना हृदयाची गती जास्त चटकन वाढली, आणि तो चेहरा घोडे डाव्या डोळ्याने बघू लागले.

माळावरची ताई, तुमच्या पोटात धाकधूक असेल तर ती त्याला दिसणार. म्हणून त्या दिवशी घरात जो सर्वांत शांत असेल त्याने दोरी धरावी.

माळावरची

मग वडीलच धरतील.

अबोल, तुमचा पहिलाच मोठा प्रतिसाद आणि तोही असा. मनापासून धन्यवाद.

गोठेकरी

म्हाताऱ्या घोडीचं कोणी बघतंय का? नवा आला की सगळे त्याच्याभोवती. तिचं खाणं, खरारा, फेरी, सगळं नेहमीच्या वेळी झालं पाहिजे, आणि आधी तिचं. डॉक्टरांनी सांगितलेला क्रम आजारासाठी आहे, पण तिच्या मनासाठीही तोच बरोबर. तिचे दातही याच निमित्ताने तपासून घ्या. घोड्याचे दात आयुष्यभर थोडे थोडे वर येत राहतात आणि झिजतात. म्हातारपणी झीज असमान होते, चावताना टोचतं. जोडीदाराच्या दुःखाने सुकली असं आपण म्हणतो, आणि खरं कारण दाढेत असतं असंही होतं. दोन्ही असू शकतं.

खूर_आणि_नाडी

गोठेकरींचा मुद्दा मोलाचा. वेगळं ठेवण्याच्या काळातच नव्याची लीद तपासून जंतांच्या अंड्यांची मोजणी करा. डोळे मिटून औषध पाजू नका, औषध लागतं का आणि ते लागू पडलं का, हे पाजण्याआधी आणि नंतर मोजून कळतं. नाहीतर औषधाला न जुमानणारे जंत तुमच्या कुरणात कायमचे येतील. धनुर्वाताची लस झाली आहे का विचारा, घोडा त्या जंतूला फार हळवा असतो. ग्लँडर्सची रक्ततपासणी तिकडूनच करून आणा. तो रोग माणसालाही होतो.

रानवारा

आता माझ्या विषयावर येतो, कारण मूळ प्रश्न तोच होता. तीन आठवडे झाले, ताप नाही, अहवाल स्वच्छ. पुढे काय?

आधी मधलं अंतर काढा आणि एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना त्यांना येऊ द्या. नाकं जुळतील, घोडी किंचाळेल, पुढचा पाय आपटेल. ते ऐकून घाबरू नका, ही त्यांची ओळख करून घ्यायची रीत आहे. काही दिवसांनी दोघं कुंपणाला लागून, जवळजवळ उभं राहून चरताना दिसले की वेळ झाली.

मग सर्वांत मोठं मैदान निवडा, कोपरे नसलेलं. कोपरे असतीलच तर आडवे वासे लावून गोल करा, म्हणजे कोणी कोंडलं जाणार नाही. मागच्या पायांचे नाल नालबंदाकडून आधी काढून घ्या. नालाची लाथ हाड मोडते. गवताचे ढीग घोड्यांपेक्षा जास्त, दोघांसाठी तीन किंवा चार, लांब लांब. दोघांचंही पोट भरलेलं असू दे. सोडल्यावर मध्ये जाऊ नका.

पाठलाग, कान पाडणं, एखादा चावा, हवेत लाथ, हे होणारच. दमलेल्याला थांबूच दिलं जात नसेल, किंवा कोपऱ्यात धरून दोन्ही मागच्या पायांनी लाथा बसत असतील, तरच वेगळं करा. वडिलांचं म्हणणं चुकीचं नाही, दोघं आपापलं बघून घेतातच. त्यासाठी जागा आपण नीट द्यायची असते.

मोहरकी

बसायचं कधी त्याच्यावर? :)

टापांचा_नाद

मोहरकी, घोडामैदान जवळ असलं तरी घाई नको! तो निवांत खायला लागला, आडवा झोपायला लागला, मग बघू. घोडा उभ्यानेही डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला बसावं किंवा आडवं व्हावंच लागतं, आणि अनोळखी जागी तो ते टाळतो. सकाळी अंगाला माती, गवत चिकटलेलं दिसलं तर समजा रात्री आडवा झाला होता. माझ्यासाठी ती विश्वासाची पहिली खूण. त्यानंतर आधी जमिनीवरून फिरवा, मागे-पुढे करा, पाय उचलून घ्या. खोगीर त्यानंतर.

माळावरची

मंडळी, बादल येऊन महिना होत आला. आधी लिहायला वेळच मिळाला नाही.

ताप एकदाही नाही. सगळे अहवाल स्वच्छ. पहिल्या रात्री खूप खिंकाळला, घोडीने प्रत्येक वेळी उत्तर दिलं, आणि पहाटेपर्यंत दोघं आपापल्या कुंपणाशी समोरासमोर उभी होती. रानवारांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही तेव्हा मनातून हात जोडले. घोडीच्या एका दाढेला खरोखरच टोक आलं होतं, घासून घेतलं, आता चारा सांडत नाही. तिच्या वजनात फरक दिसायला लागलाय.

परवा दोघांना एकत्र सोडलं. किंचाळणं, पळापळ, एक चावा. दुपारपर्यंत शांत. आता चरतात जवळजवळ, पण ती त्याला हौदावर येऊ देत नाही. तो लांब उभा राहतो, ती गेली की पितो. कधी कधी पिण्याआधीच ती परत फिरते. काल त्याची लीद जराशी कोरडी वाटली. काय करू?

मोहरकी

दुसरी टाकी, आजच. पहिलीपासून इतकी लांब की तिला दोन्ही राखता येणार नाहीत, आणि कोपऱ्यात नको. तोवर दिवसातून दोन-तीनदा बादलीने पाजा, गवत ओलं करा.

खूर_आणि_नाडी

मोहरकींनी सांगितलं तेच. सोबत नाडी बघा, कुशीला दोन्ही बाजूंना कान लावून पोटाचे आवाज ऐका. आवाज येत असतील, तो खात असेल तर काळजी नाही. आवाज बंद झाले, तो पोटाकडे वळून बघायला लागला किंवा जमीन खरवडायला लागला, तर चारा काढून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना लगेच बोलवा, सकाळची वाट बघू नका.

माळावरची

वडील आणि मुलगी टाकी बसवायला गेलेत. पोटाचे आवाज दोन्हीकडून येतायत, नाडी ३६, आत्ता बादलीभर पाणी प्यायला.